ओढ आणि सोड

बोटीवर हुकूम मराठीत द्यायचे, हे मीच ठरवलं. शिडाच्या बोटीवर प्रत्येक दोराला वेगळं इंग्रजी नाव असतं आणि त्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दोराला म्हणतात 'शीट'. धक्क्यावर सराव करताना मी सुकाणूवरून 'शीट, शीट' असं ओरडले की माझा नवरा खाली केबिनमध्ये चादर शोधायला जायचा, आणि मैत्रिणीचा नवरा म्हणायचा, "वहिनी, जरा तोंड सांभाळून." म्हटलं, आपण चौघंही मराठी, मग हे सोंग हवंय कशाला? दोर ओढायचा असेल तर 'ओढ', सोडायचा असेल तर 'सोड'. बालवाडीतल्या पोरालाही कळेल.

बोट अर्थात आमची नव्हती. इथे आयर्लंडमध्ये, लिमरिकला, आमच्या शेजारी एक म्हातारा राहतो, त्याची ती. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी तो मला नदीच्या मुखापर्यंत घेऊन जायचा, शिकवायचा, शिव्या द्यायचा. मी परीक्षाही पास झाले, तेव्हा घरात कोणाला फारसं कौतुक नव्हतं. मग त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि उन्हाळ्यासाठी डिंगलच्या धक्क्यावर नेलेली बोट नुसतीच उभी राहणार असं दिसलं, तेव्हा तो म्हणाला, "घेऊन जा आठवडाभर. यू'ल बी ग्रँड." इकडे ग्रँड म्हणजे भव्य वगैरे काही नाही. चालेल, जमेल, मरणार नाहीस, या सगळ्याला मिळून तो एकच शब्द आहे.

तर आम्ही चौघं. मी, माझा नवरा, माझी मैत्रीण आणि तिचा नवरा. ती आणि मी एकाच वर्षी लिमरिकला शिकायला आलो, एका खोलीत राहिलो, एकाच कुकरमध्ये वरणभात लावला. पुढे ती ट्रलीच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये लागली, मी लिमरिकला एका कंपनीत. दोघींची लग्नं झाली, आणि नशिबाने नवरेही एकमेकांना आवडले. तिचा नवरा नागपूरचा, घरूनच काम करतो, आणि कितीही वर्षं झाली तरी 'करून राहिलो' सोडत नाही.

आता जे सांगायला नको वाटतं ते आधीच सांगून टाकते. तिला मूल होत नव्हतं. डब्लिनच्या क्लिनिकमध्ये किती वेळा जाऊन आली ते मला माहीत आहे, कारण बऱ्याचदा गाडी मीच चालवत होते. जाताना आम्ही गप्पा मारायचो, येताना रेडिओ लावायचो. त्या उन्हाळ्यात तिचं चाळिशीचं वळणही मागे पडलं होतं आणि क्लिनिकच्या फ्रीजरमध्ये गोठवलेला एकच भ्रूण उरला होता. शेवटचा. पुन्हा एकदा प्रयत्न करायचा, की तो सोडून द्यायचा, एवढं तिने त्यांना सांगायचं होतं. "सुट्टीवरून आल्यावर सांगते," असं ती त्यांना म्हणाली होती. मला एकदा फोनवर म्हणाली, "धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, तसं झालंय गं माझं." आणि हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

माझं मत तिला ठाऊक होतं. प्रत्येक वेळी मी एकच म्हणत आले होते: अजून एकदा. मला मुलगी आहे. ज्याच्या घरात मूल आहे त्याला 'अजून एकदा' म्हणणं फार सोपं जातं. शरीर दुसऱ्याचं असतं.

निघायच्या आधी तिच्या नवऱ्याचा मला फोन आला. एरवी हा माणूस फोनवर क्रिकेटशिवाय बोलत नाही. म्हणाला, "वहिनी, एक रिक्वेस्ट आहे. बोटीवर तो टॉपिक नका काढू. आठ दिवस तिला मोकळं राहू द्या ना यार. ती स्वतःहून बोलली तर गोष्ट वेगळी." मी म्हटलं, "अरे, मी काय वेडी आहे का?" आणि मनात ठरवलं, ती बोलेल तेव्हाच बोलायचं. बोटीवर तरी कुठे पळून जाणार आहे, बोलेलच.

मुलीला आम्ही डिंगलजवळच्याच एका आयरिश भाषेच्या उन्हाळी शाळेत सोडलं. तिथे इंग्रजी बोललं की घरी पाठवतात. म्हणजे आता ती मराठी समजते, बोलत नाही. इंग्रजी बोलते, पण बोलायची परवानगी नाही. आणि आयरिश शिकते आहे. माझ्या मैत्रिणीने तिला गाडीतून उतरताना घट्ट जवळ घेतलं. मुलगी म्हणाली, "मावशी, यू'र स्क्वॅशिंग मी." मावशीने हात सैल केले, पण लगेच नाही.

पहिल्याच दिवशी डिंगलच्या खाडीतून बाहेर पडताना आमच्या मराठीचं पितळ उघडं पडलं.

बोट वळवायची म्हणजे तिचं नाक वाऱ्यातून पलीकडे फिरवायचं असतं. पुढचं शीड दोन दोरांनी बांधलेलं, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. वळताना एका बाजूचा दोर सोडायचा, दुसऱ्या बाजूचा ओढायचा. मैत्रीण एका बाजूला बसली, तिचा नवरा दुसऱ्या. मी मागे सुकाणूचा दांडा धरून उंटावरून शेळ्या हाकायला तयार. वारा जरा चढला होता. मी तिला ओरडले, "सोड!" आणि त्याला ओरडले, "ओढ!"

दोघांनीही ओढलं.

शीड उलटं फुगलं, बोट एका अंगावर झोपली आणि खाली केबिनमध्ये माझ्या नवऱ्याने नुकतेच परतलेले पोहे छताला लागले. मी किंचाळले, "सोड, सोड!" तर दोघांनीही सोडलं. आता शीड असं फडफडायला लागलं की कानाचे पडदे फाटतील. तिचा नवरा उलट माझ्यावरच ओरडला, "अहो, तुम्हीच तर ओढ म्हणून राहिल्या! मी ओढूनच तर राहिलो!" मैत्रीण म्हणाली, "मला पण ओढच ऐकू आलं." आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाऱ्यात पहिलं अक्षर उडून जातं. 'सोड'मधला स गेला की उरतं 'ओड'. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेत ओढणं आणि सोडणं यांत एवढंसंच अंतर असेल असं मला वाटत नाही. आमच्यात होतं, आणि ते आम्हाला डिंगलच्या खाडीत पोह्यांसकट कळलं.

हसून हसून पोट दुखलं. माझ्या नवऱ्याच्या केसांत कांदा होता, तो म्हणाला, "यापेक्षा चादर बरी होती."

मग ठराव झाला. 'ओढ' रद्द. त्याऐवजी 'खेच'. 'सोड' तसाच राहील. खेचायला ताकद लागते म्हणून ते काम कायमचं तिच्या नवऱ्याचं, सोडायचं काम तिचं. प्रत्येक वळणाला दोघं जागा बदलायचे. विंच नावाच्या लोखंडी गट्टूभोवती दोराचे वेढे असतात, दोर ताणलेला असतो, आणि शीड नेमकं फडफडायला लागेल तेव्हाच वेढे उलगडून तो मोकळा करायचा असतो. जरा आधी सोडला तर बोट मधेच अडते, उशीर झाला तर शीड उलटं भरतं. तिला ते लगेच जमलं. लॅबमधला हात आहे तिचा, घाई नाही त्यात. तरी प्रत्येक वेळी मला विचारायची, "सोडू?" मी शिडाच्या कडेकडे बघत म्हणायची, "थांब... थांब... हं, सोड." दिवसातून किती वेळा हा संवाद झाला असेल त्याला गणती नाही.

रात्री आम्ही व्हेंट्रीच्या वाळूच्या खाडीत नांगर टाकायचो, दिवसा ब्लास्केट बेटाभोवती फिरायचो. मोठं ब्लास्केट आता ओस आहे. छपरं नसलेली घरं, खाली पांढरी वाळू, त्यावर सील पसरलेले. उत्तरेला एक छोटं बेट आहे, उताणा झोपलेल्या माणसासारखं दिसतं. इथले लोक त्याला मेलेला माणूस म्हणतात. माझा नवरा म्हणाला, "मेलाय कसला, रविवारी श्रीखंड खाऊन आडवा झालाय." त्यानंतर आमच्यात त्या बेटाचं नाव श्रीखंडवालाच पडलं.

एका दुपारी आम्ही दोघीच बेटावर उतरलो. नवरे बोटीवर पत्ते खेळत राहिले. ती एका पडक्या घराच्या उंबऱ्यावर बसली आणि आत उगवलेलं गवत बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. मी थर्मासमधला चहा ओतला, तिच्या हातात दिला, आणि मुद्दाम गप्प बसले. एरवी मला गप्प बसणं म्हणजे शिक्षा. ती म्हणाली, "इथे चुलीची जागा अजून कळतेय बघ." मी म्हटलं, "हो ना." एवढंच. मग वारा फिरला आणि मला बोटीची काळजी वाटायला लागली. मीच म्हटलं, "चल, निघू या."

आज ते आठवलं की जीव कळवळतो. आणखी एक कप चहा पिऊन झाला असता तरी नांगर काही तुटत नव्हता.

शेवटच्या आदल्या दिवशी आम्ही बेटाला बाहेरून वळसा घालायला निघालो. पश्चिमेच्या बाजूला गेल्यावर समोर अमेरिकेपर्यंत नुसतं पाणी. लाट मोठी होती, वारा चढत होता, आणि माझा नवरा खाली बादली कवटाळून पडला होता. डावीकडे खडकांची एक रांग पांढरी होत होती. मला तिथून बोट वळवायची होती, आणि नेमकी वेळ साधून वळवायची होती. तिचा नवरा पलीकडे वाकून, मान खाली घालून, दोर हातात गुंडाळून बसला होता. ती माझ्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ. तिच्या हातात ताणलेला दोर.

ती काहीतरी बोलत होती. बराच वेळ बोलत होती, हे मला नंतर आठवलं. वाऱ्यात वाक्यं तुटत होती. "...बस झालं असं..." एवढं आलं. "...प्रत्येक वेळी तुला..." एवढं आलं. माझे डोळे शिडाच्या कडेवर होते, आणि मनात फक्त तो पांढरा खडक होता. मग स्वच्छ ऐकू आलं, "सोडू का गं?"

मी म्हटलं, "थांब."

ती थांबली. शिडाची कड थरथरली.

"सोडू?"

"हं, आता सोड! सोड म्हणते ना! किती धरून बसशील, सोड!"

तिने सोडलं. दोर सळसळत गेला, तिच्या नवऱ्याने खेचला, बोट अशी सुंदर वळली की आठवडाभरात तशी वळली नव्हती. खडक मागे पडला. मी आनंदाने ओरडले, "वा! याला म्हणतात वळण!" तिच्याकडे बघितलं तर तिचा चेहरा ओला होता. पण त्या वेळी सगळ्यांचेच चेहरे ओले होते. अंगावर पाणीच तेवढं येत होतं.

त्या संध्याकाळी डिंगलला परत येऊन आम्ही धक्क्याजवळच्या एका पबमध्ये जेवलो. ती छान जेवली. कितीतरी दिवसांनी तिने गोड मागवलं. कोपऱ्यात एकजण बाजा वाजवत होता, इथे कुठल्याही तिऱ्हाइताला 'युवर मॅन' म्हणतात; त्याच्याकडे बोट दाखवून तिचा नवरा म्हणाला, "युवर मॅन तिकडे आपल्याकडच्या भजनासारखं वाजवून राहिला," आणि ती खळखळून हसली. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "बघ, समुद्र मानवला तिला." माझी मलाच शाबासकी. मराठी माणसाला फुकट सल्ला आणि फुकट शाबासकी, दोन्हीची हौस भारी.

दिवाळीच्या आधी मी ट्रलीला तिच्याकडे चकल्या करायला गेले. दरवर्षी जाते, भाजणी तिची सासू नागपूरहून पाठवते. ती पीठ मळत होती. म्हणाली, "सोऱ्या काढ ना, वरच्या प्रेसमध्ये आहे." इथे राहून आमची कपाटंही प्रेस झाली आहेत. मी सोऱ्या काढला, आणि पाठ तिच्याकडे असतानाच ती म्हणाली, "तुला सांगायचं राहूनच गेलं. बोटीवरून आल्या आल्या मी डब्लिनला फोन केला. सांगितलं त्यांना, सोडून द्या म्हणून."

माझ्या हातात सोऱ्या तसाच राहिला.

"तू म्हणालीस ना त्या दिवशी," ती म्हणाली. "किती धरून बसशील म्हणून. बाकी सगळे गोल गोल बोलायचे गं. तू एकदम सरळ बोललीस."

मी सोऱ्यात पीठ भरलं आणि चकल्या पाडायला घेतल्या. त्या दिवशी माझी एकही चकली धड वेढ्याची झाली नाही. तिने विचारलं, "काय गं, बरं नाही का?" मी म्हटलं, "भाजणी जरा कोरडी आहे." नाचता येईना, अंगण वाकडं.

घरी येताना मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि रडले. मी दोराबद्दल बोलत होते. एका दोराबद्दल! तिने आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रश्न मला विचारला आणि मी शिडाची कड बघत होते. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तिला सांगू नकोस. ती शांत झालीय. कशाला ढवळायचं?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. हिवाळाभर मी ते पाळलं. पण तिचा फोन आला की माझा आवाज मलाच खोटा वाटायचा. तिलाही तो वाटत असणार, कारण ती फोन लवकर ठेवायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीला पुन्हा त्या आयरिश शाळेत सोडायचं होतं. मैत्रीण ट्रलीहून आमच्या गाडीत बसली, दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे. या वेळी मुलीने आपणहून तिला मिठी मारली आणि "बाय मावशी" म्हणून पळाली. परत येताना मी कड्यावरच्या रस्त्यावर गाडी थांबवली. समोर ब्लास्केट, पलीकडे आमचा श्रीखंडवाला, वारा असा की गाडीचं दार उघडायची सोय नाही. आम्ही आत बसूनच चिप्स खाल्ले. व्हिनेगरचा वास गाडीभर झाला होता.

मी म्हटलं, "मला तुला एक सांगायचंय. त्या दिवशी बोटीवर मी दोराबद्दल बोलत होते."

ती चिप्स खात राहिली. मग म्हणाली, "माहितीय मला."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तू माझ्याकडे बघतच नव्हतीस अगं. वर बघत होतीस. मला काय कळत नाही?"

मला राग आला, तिचा नाही, कोणाचा ते कळेना. "मग परत का नाही विचारलंस? पबमध्ये, जेवताना, नीट?"

"नीट विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण तिच्यापुढे ते जमत नाही. "अजून एकदा, म्हणाले असते."

"म्हणून नाही विचारलं," ती म्हणाली. "आई म्हणायची अजून एकदा. हा म्हणायचा, तू म्हणशील ते. तू म्हणायचीस अजून एकदा. मला एकदा तुझ्या तोंडून सोड ऐकायचं होतं. मिळालं तसं घेतलं."

मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. चुकून बोलले याचं नाही, ते तर तिच्या उपयोगी पडलं. वाईट याचं वाटतं की एका कुकरमधला भात खाल्लेल्या मैत्रिणीला माझ्याकडून हवा तो शब्द असा, माझं लक्ष नसताना, उचलून घ्यावा लागला. मागितला असता तर मी दिला नसता, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि ते खरं होतं.

काचेवर पावसाचे थेंब यायला लागले. मी मूर्खासारखं विचारलं, "आता बरं वाटतं ना तुला?"

"ग्रँड," ती म्हणाली, अगदी इथल्यासारखी. चिप्सचा कागद घडी घालून दाराच्या खणात ठेवला, पट्टा लावला. मी गाडी सुरू केली. कड्यावरून खाली उतरताना बेट काचेत मागे मागे जायला लागलं, तेव्हा ती मान वळवून बघत राहिली.

"ओढ आहे गं अजून," ती म्हणाली. "ती कुठे सुटते?"

बोटीवर पहिल्याच दिवशी आम्ही तो शब्द काढून टाकला होता, वाऱ्यात नीट ऐकू येत नाही म्हणून.